सरस न लावलेला पाळणा

उशीच्या अभ्र्याची एक बाजू शिवून झाली होती. दुसरी अर्धवट टाकून माझी धाकटी बहीण मशीनवरून उठली, कारण तिच्या नवऱ्याने माळ्यावरून पाळण्याच्या फळ्या खाली काढल्या होत्या. तो सुतार. लेकीला वसतिगृहात पुस्तकांसाठी मांडणी हवी होती, आणि चांगलं मुरलेलं लाकूड घरातच पडून होतं.

धाकटी घरीच लोकांचे कपडे शिवते. बाळंतपणानंतर ती फार खचली होती. बाळ रडलं की घाबरून ते माझ्या हातात द्यायची. "ताई, मला नाही गं जमत आईपण," म्हणायची. देवाच्या कृपेने सावरली. पुढे कुणी "पोरीला भावंड नको का?" असं विचारलं, की हीच थट्टेवारी न्यायची, "आणलंय ना, ओव्हरलॉकचं मशीन! रडत नाही, वर कमावतं." नवराही खो खो हसायचा. मनातून मात्र तिला हवं होतं. त्याने एकदा तरी विषय काढावा, एवढीच वाट बघत होती. लेक पाळण्यात मावेना तसा त्याने तो खोलून माळ्यावर टाकला. याला आता नकोच, असं हिने मनाशी धरलं.

आज फळी पुसता पुसता ती म्हणाली, "सांधे अगदी कोरे दिसतायत. तुमचं काम तर सरसाने चिकटवल्याशिवाय होत नाही."

"याला लावलाच नव्हता. नुसते स्क्रू. परत जोडता यावा म्हणून."

"परत? कुणासाठी?"

"आता विचारतेस होय! तू एवढी घाबरलेली, मी कुठल्या तोंडाने म्हणणार? म्हटलं, तू म्हणशील तेव्हा जोडू."

"अहो, मला वाटलं तुम्हालाच नको. तुम्ही तर हसायचात!"

"तू हसवायचीस."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिले. तिची पाळी जाऊन वर्ष उलटलंय. देणारा द्यायला तयार असेलही, पण मागायचं कुणी, यातच दोघांची उमेदीची वर्षं गेली.

"नको कापू का?" त्याने हळूच विचारलं.

ती फळीवरून नुसता हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "कापा. पोरीचं अडायला नको." आणि फळी हलू नये म्हणून तिनेच तिच्यावर पाय रोवला.

अभ्रा मी पुरा केला. धाकटीला आता हार्डवेअरच्या दुकानात जायचंय, मांडणीसाठी सरस आणायला.