बरणी झाकायचा सण

"सण झाला की सांग," असं म्हणून नवरा सायकल काढून कामावर निघून गेला. त्या वर्षीच्या आमच्या पेसाखची सुरुवात ही अशी झाली. त्याचा थोरला भाऊ आदल्या दिवाळीच्या सुमारास बायकामुलांसकट बोटीने इस्रायलला गेला होता. आपणही जायचं की नाही, मुंबईला जाणाऱ्यांची नोंद करणाऱ्या कचेरीत आपली नावं कळवायची की नाही, एवढंच मला सांगायचं होतं. त्याचं स्वतःचं उत्तर तयार होतं. मला मात्र त्याने सण संपेपर्यंतची सवड दिली होती, आणि ती देताना आपण केवढे समजूतदार आहोत असा चेहरा केला होता. मला इतका राग आला की कपबशी मोरीत ठेवताना मी ती चांगलीच आपटली. कान तुटलेला तो कप पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे मीठ ठेवायला होता.

पिंपरीला औषधाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि कामगारांच्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. चहूकडे माळ. दिघीच्या बाजूने वारा सुटला की दुपारभर धूळ झाडण्याशिवाय दुसरा उद्योग नसायचा. शेजारीपाजारी बीडचे, सोलापूरचे, साताऱ्याचे. आमच्यातलं, म्हणजे बेने इस्राएलांतलं, सबंध वसाहतीत आमचं एकच घर. आम्ही ज्यू, असं सांगितलं तर कुणाला काही बोध व्हायचा नाही. कोकणातले, शनिवारी चूल न पेटवणारे, असं सांगितलं की माना डोलायच्या.

पेसाख म्हणजे आमच्या पूर्वजांनी मिसर देशातली, म्हणजे इजिप्तमधली, गुलामी सोडली त्याची आठवण. निघायची घाई इतकी की मळलेलं पीठ फुगायलाही वेळ नव्हता. म्हणून आठ दिवस घरात खमीर नाही, आंबवलेलं काही नाही. पाव नाही, पोळी-भाकरी नाही. खायचा तो मात्सा, म्हणजे नुसत्या पीठपाण्याची, बिनमिठाची, कडक भाजलेली पातळ भाकरी. माझी सासू या सणाला 'बरणी झाकायचा सण' म्हणायची. चिंच, मिरची आणि सुकी मासळी मुरवून केलेलं एक आंबट आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. बरणी तळाशी आली की तिच्यातच नवं घालायचं, जुनं पूर्ण संपू द्यायचं नाही. सणाआधी त्या बरणीचं तोंड फडक्याने बांधून ती दूर ठेवायची आणि सण सरल्यावर सोडायची. का झाकायची ते सासूलाही नीट ठाऊक नव्हतं. लग्नानंतर तिने ती बरणी माझ्या मांडीवर ठेवून मला एसटीत बसवलं होतं, आणि पिंपरी येईपर्यंत मी ती दोन्ही हातांनी धरून बसले होते.

त्यातली गंमत अशी की नवऱ्याचं कारखान्यातलं काम खमिराचंच. मोठमोठ्या टाक्यांत औषधाची बुरशी वाढवायची, तिची राखण करायची. संध्याकाळी तो घरी आला की त्याच्या अंगाला आंबूस गोडसर वास यायचा. सणाच्या आधीपासून मी त्याला बाहेरच्या नळावर अंघोळ करायला लावायची आणि कपडे दाराबाहेरच्या दोरीवर टाकायला सांगायची. "देशाचं औषध होतं त्यातून," तो कुरकुरायचा. "होऊ दे, पण उंबऱ्याच्या बाहेर," मी म्हणायची.

त्या वर्षी मी घर असं उपसून काढलं की विचारू नका. डोक्यात एकच किडा वळवळत होता, आणि हात थांबले की तो जास्तच वळवळायचा. भिंतींना चुना दिला. डबे उन्हात घातले. मसाले नव्याने कांडले. खेडचा कल्हईवाला आला तेव्हा घरातलं एकूण एक भांडं त्याच्यापुढे नेऊन ठेवलं. नवसागराचा धूर डोळ्यांत जात होता, पातेली आतून चांदीसारखी होत होती, आणि तो भाता चालवता चालवता म्हणाला, "समदी भांडी एकदम? भाभी, बिऱ्हाड हलवताय काय?" मी नुसती हसले. तेव्हाच त्याचं तोंड बंद करायला हवं होतं, कारण त्या माणसाचा पाय वसाहतीतल्या प्रत्येक ओट्यावर पडायचा.

मग मी उरलेलं पीठ, रवा, पापड, सगळं शेजारच्या मावशीकडे नेऊन दिलं. मावशी बीडकडची, तिचा नवरा कारखान्यात पहारेकरी. वयाने ती माझ्या आईएवढी होती आणि हक्कही तेवढाच गाजवायची. शेवटी बांधलेली बरणी नेली. दोन खोल्यांत ती दूर ठेवायची तरी कुठे? "मावशी, ही तुमच्या माळ्यावर ठेवा. फडकं सोडू नका," एवढंच सांगितलं. तिने बरणी घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि पदराने नाक पुसलं. मला वाटलं, मिरचीचा वास लागला असेल.

मात्सा पुण्याहून आणायचा. आमच्या प्रार्थनालयात तो भाजून वाटायचे. नवरा सायकलवर गेला, येताना मात्साचं गाठोडं मागे बांधलं, आणि दापोडीच्या पुढच्या खड्ड्यांनी त्याचं जे व्हायचं ते झालं. फडकं उघडलं तर वरच्या चार भाकऱ्या धड, खाली नुसता चुरा. मी बोलायला तोंड उघडलं तर हा म्हणतो, "पोटात जाऊन चुराच व्हायचा ना?" धड होत्या त्या पहिल्या रात्रीच्या ताटासाठी बाजूला काढल्या. उरलेल्या चुऱ्यावर आठ दिवस रेटायचे होते.

पहिल्या रात्री आम्ही दोघंच ताटाला बसलो. कडू पाला, मिठाचं पाणी, खजुराचा दाट पाक, काळ्या मनुकांचा रस. नवरा सणाची पोथी वाचत होता. मिसर देशातून लोक निघाले तो भाग आला आणि त्याचा आवाज असा चढला, जसं काही त्यालाच गाडी पकडायची आहे. मला तेव्हा एकदम लख्ख कळलं की हा सगळा सणच निघून जाण्याचा आहे आणि मला राहायचं आहे.  

पुढचे दिवस चुऱ्याचेच. सकाळी नारळाच्या दुधात गूळ विरघळवून त्यात चुरा घालायचा आणि मंद आचेवर शिरा करायचा. दुपारी अंडी फोडून त्यात कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि चुरा कालवून तव्यावर जाड पोळे घालायचे. कधी मासळीच्या कालवणात भिजवायचा. चुऱ्याला पाणी किती लागतं ते कळायला मला दोन दिवस लागले. कमी पडलं तर दाताला टोचतो, जास्त झालं तर खळ होते. मन थाऱ्यावर नसल्यावर हे असंच होणार. एकदा तर शिऱ्यात गुळाऐवजी मीठ पडलं आणि नवऱ्याने तो शेवटच्या घासापर्यंत मुकाट्याने खाल्ला. त्याच्या त्या मुकाट्याने खाण्याचाही मला राग आला.

मधल्याच एका दुपारी मावशी आली. मी पोळे घालत होते. ती दारातच बसली आणि पांढऱ्या भिंती, चकचकीत पातेली, रिकामे डबे न्याहाळू लागली.

"काय करायलीस गं?" तिने विचारलं. "ह्यो पापड हाय का भाकर?"

मी तिला अंड्यातला एक पोळा दिला. तिने तो खाल्ला, बरा आहे म्हणाली, आणि मग खाली बघत बोलली, "एक मागू का? तुझा पाटा-वरवंटा लई चांगला हाय. येवढं वझं बोटीत कुटं न्हेतीस? माझ्याकडं ठिव. रोज वाटन वाटताना तुझी याद येईल."

माझ्या हातातलं उलथनं तव्यावरच राहिलं. पोळा करपला. "कोण म्हणालं आम्ही चाललो?"

"कोन म्हनायचं? समदी गल्ली म्हनायली. घर रिकामं केलंस, भांड्याला कल्हई केलीस, पीठ-पापड मला दिलंस. ती बरनी सुद्दा दिलीस. आनि तुझ्या मालकाला इचारलं तर त्ये नुस्तं हसत्यात."

पुढच्या घरची बाई माझ्याकडे दोन दिवस अशी का बघत होती ते आता कळलं. नळावर मला आधी पाणी का भरू देत होते तेही कळलं. अख्ख्या वसाहतीने आम्हाला बोटीत बसवून निरोपसुद्धा दिला होता. मावशीला मी सणाची सगळी रीत समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं, पण तिला काही ते पटलं नाही. दुष्काळ पडला की तिच्या गावचे लोक घरं अशीच रिकामी करत, असं म्हणून ती उठली.

संध्याकाळी नवरा नळावर अंघोळ करत होता तिथेच मी त्याला गाठलं. "लोक विचारतात तर नाही म्हणून सांगता येत नाही का?"

"काय सांगू?" साबण लावलेल्या तोंडाने तो म्हणाला. "तुझं उत्तर कुठं आलंय?"

"आणि हसता कशाला?"

तो तांब्याने डोक्यावर पाणी ओतत राहिला. मग हळूच म्हणाला, "कुणी चाललात का विचारलं की बरं वाटतं गं."

मला जायचं नव्हतं. का नव्हतं, ते नीट सांगता येत नव्हतं, आणि तीच खरी तगमग होती. त्याच्याकडे कारणांची रास होती. भाऊ तिथे, धर्म तिथे, आपला म्हणावा असा देश तिथे. माझ्याकडे काय होतं? कोकणातून उठून मी या माळावर आले होते, रडत रडत का होईना पण इथली झाले होते. तिथे नळावर माझ्याशी मराठीत भांडणार कोण? हे असलं कारण मोठ्या माणसापुढे मांडायची लाज वाटायची. मी रात्रंदिवस उत्तराची वाक्यं जुळवायची आणि सकाळी चुरा भिजवताना ती सगळी विस्कटून जायची.

सण सरला. दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर मी मावशीकडे बरणी आणायला गेले. खरं सांगते, तेव्हाही माझं काही ठरलेलं नव्हतं. सण सरला की बरणी आणायची, एवढ्याच सवयीने गेले. मावशीने ती माळ्यावर नव्हे, देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती. फडक्याची गाठ जशीच्या तशी होती. माझं काही व्रत असावं असं समजून तिने तितके दिवस स्वतःच्या स्वयंपाकातही चिंच घातली नव्हती.

मी बरणी उचलली तर तिने माझा हात धरला. "परत न्हेतीस? जानाऱ्या बाईला आंबट कशाला लागतंय? मंजी ऱ्हानार?"

"राहणार," मी म्हणाले.

इतके दिवस जुळत नसलेलं उत्तर एका शब्दात बाहेर पडलं, तेही नवऱ्याच्या आधी शेजारणीपुढे. मावशीने माझं पीठ परत दिलं, पापड तेवढे ठेवून घेतले. पाट्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

घरी येऊन मी गाठ सोडली. त्या वासाने दोन्ही खोल्या भरून गेल्या. भात टाकला, भाकरी थापल्या, आंबटाचं कालवण उकळत ठेवलं. नवऱ्याला वास दारातच आला असणार, कारण सायकल भिंतीला लावता लावता तो थांबला. आत आला. बरणी उघडी होती आणि फडकं शेजारी पडलं होतं.

"उघडलीस?"

"उघडली."

हेच माझं उत्तर, हे त्याला कळलं होतं. मी भांडायच्या तयारीत होते. त्याने हातपाय धुतले, पाट ओढला आणि जेवायला बसला. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मग म्हणाला, "दादाकडे हे आंबट नसणार." त्याचे डोळे भरून आले होते. मिरची जास्त झाली का, असं मी विचारलं आणि तो हो म्हणाला. मी जिंकले, असं मला मुळीच वाटलं नाही. त्याची भयंकर कीव आली. तरीसुद्धा माझा विचार काही बदलला नाही.

पुढच्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी मी बरणीवर फडकं घातलं तर तो म्हणाला, "आण इकडे, मी बांधतो." तेव्हापासून दरसाल गाठ तोच मारायचा. अशी करकचून मारायचा की सण सरल्यावर मला विळी घेऊन बसावं लागायचं. सण सरला की दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन चपला काढायच्या आधी त्याची नजर बरणीच्या कोपऱ्यात जायची. ती उघडी दिसली की हातपाय धुवायला जायचा. पण मधले आठ दिवस माझा जीव ठिकाणावर नसायचा. या वर्षी हा गाठ सोडू देणार नाही, असं मला प्रत्येक वर्षी वाटायचं. त्याची आणि त्याच्या भावाची पुन्हा कधीच भेट झाली नाही.

तो वारल्यानंतरच्या पहिल्या पेसाखला बरणी मीच बांधली. सण सरल्यावर सवयीने विळी घेऊन बसले, तर गाठ बोट लावताच सुटली.