बसूनच असतो तो

"दिसतेस तर छान!" हे ऐकून ऐकून मी विटले होते. मल्टिपल स्क्लेरोसिस हा नसांवरचं आवरण झिजवणारा आजार वरून दिसत नाही. नुसती आंघोळ केली तरी चार घरची धुणी धुतल्यासारखा थकवा येई, झोपूनही तो जात नसे. जरा वेळ उभी राहिले की रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येई. आमच्या आयटी कंपनीत सकाळची मीटिंग सगळे उभ्यानं करतात, लवकर आटपावी म्हणून. तिथेच दोनदा कोसळले आणि राजीनामा द्यायचं जवळजवळ ठरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, भरपूर पाणी प्या, उपवास करू नका. मी मात्र हट्टाला पेटून निर्जळी संकष्ट्या धरल्या. बाप्पाला म्हटलं, उभं राहण्याचं बळ दे, नोकरी तेवढी राहू दे. तो ऐकतोय की नाही, कळत नव्हतं.

अंगारकीला बुधवार पेठेत बाप्पाच्या दर्शनाच्या रांगेत होते. ऊन रणरणत होतं. कळस दिसू लागला आणि पायांतलं बळच गेलं. मागच्या अनोळखी काकूंनी दंड धरला. "अहो, आधी खाली बसा. पडलात तर रांग आणखी थांबेल!" त्यांनी मला दुकानाच्या पायरीवर टेकवलं, ओला रुमाल मानेवर ठेवला आणि पाण्याची बाटली पुढे केली. मी नको म्हटलं. उभं राहता यावं म्हणून निर्जळी उपवास धरलाय, असं सांगितलं. काकूंनी मला नीट न्याहाळलं. "इतकी वर्षं येतेय मी इथे. तो स्वतः एकदाही उभा दिसला नाही मला. बसूनच असतो. आणि त्याच्यापुढे तुम्हाला उभं राहायचंय? प्या मुकाट्यानं."

मला हसूही आलं आणि रडूही. पाणी प्याले. हळूहळू समोरच्या पाट्या वाचता येऊ लागल्या. तोवर काकू रांगेबरोबर पुढे सरकल्या होत्या, पुन्हा कधी भेटल्या नाहीत. त्या नेमक्या माझ्याच मागे का होत्या, याचा काथ्याकूट मी करत नाही. त्या दिवशी दर्शन न घेताच परतले, पण मन भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला खुर्ची ओढत नेली. "मी बसून बोलेन," म्हटलं. "बोल ना," टीम लीड म्हणाला, एवढंच! नोकरी टिकली. आजार आहेच, वाईट दिवसही येतात. मी बाप्पाकडे बळ मागत होते, त्यानं बसायला सांगितलं, आणि ते ऐकल्यापासून माझं निभतंय. संध्याकाळी आरतीला घरचे उभे राहतात. मी देव्हाऱ्यासमोर स्टुलावर टाळ्या वाजवते. सगळ्या घरात आम्ही दोघंच बसलेले असतो.