दाबून धरलेलं बटण

मागच्या महिन्यात कुरुंद्याला बँकेत गेलो होतो. अडकलेल्या कंप्युटरपाशी साहेब शिपायाला म्हणाले, "बटण दाबून धर, म्हणजे बंद पडतो." मी पैसे न काढताच घरी आलो.

पंधरा वर्षं झाली. माझ्या सुमनचा नर्सिंगचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. लाईट जाऊन आली अन् घरचा कंप्युटर बंद पडला. मी तिला म्हटलं, सरक. विहिरीवरची मोटार अशीच रुसते, तवा स्टार्टरचं बटण दाबून धरावं लागतं. तसंच धरलं. आतला पंखा घरघरायचा, तापल्या धुळीचा वास यायचा, दिवा लागायचा अन् विझायचा. मी अजून जोर लावायचो.

"आबा, सोडा ना. एकदा मला दाबू द्या."

"चार बुकं शिकली तर बापाला शिकवून राहिली काय?"

दिवस मावळला, तशी ती भाकरी थापायला उठली. मशीन खराब निघालं म्हणून मी गावभर सांगितलं. पुढच्या साली तिचं लग्न करून दिलं.

दर वेळेला कंप्युटर मीच बंद करून राहिलो होतो. हे तिला सांगावं म्हणून रोज फोन लावतो, अन् हळदीच्या भावाचं काहीबाही बोलून ठेवून देतो.