दुखत न्हाय, मग दावू कशाला?

चार डॉक्टर जमले की पेशंटचे किस्से निघतातच. माझ्याकडे ते जरा जास्तच साठलेत. नव्वदनंतरची बरीच वर्षं मी आणि आमची सिस्टर शारदा कोल्हापूर जिल्ह्यात स्तनांच्या कॅन्सरची तपासणी शिबिरं घेत फिरत होतो. एक जीप, एक खाट, एक पडदा आणि आम्ही दोघी! गंमत म्हणून सांगायला घेते, आणि ऐकणाऱ्याचा चहा हातातच गार होतो.

* * *

नेसरीकडच्या एका गावात आदल्या दिवशी रिक्षातून पुकारायला सांगितलं होतं. सकाळी पोचलो तर शाळेच्या व्हरांड्यात ही गर्दी! सगळ्यांच्या हातात किटल्या.

"बाई, म्हशीचं हाय. फॅट तेवढं नीट बघून सांगा!"

मी रिक्षावाल्याला गाठलं. "अहो, तुम्ही पुकारलंत तरी काय?"

"मॅडम, त्यो शब्द भोंग्यातनं कसा म्हणायचा? 'बायकांच्या दुधाच्या जागंची तपासणी' म्हणणार हुतो. पर पोरीबाळी ऐकत हुत्या की! मग नुसतं 'दुधाची तपासणी, एकदम फुकट' म्हटलं."

त्या दिवशी तपासून घ्यायला एकही बाई आली नाही!

* * *

शिरोळच्या शिबिरात अक्काताई आल्या. पन्नाशीच्या, कष्टानं काटक झालेल्या. तपासायला हात लावला. सुपारीसारखी टणक गाठ, वरची कातडी ओढलेली, बोंड आत गेलेलं.

"कधीपासून आहे हे?"

"दोन दिवाळ्या झाल्या की."

"मग दाखवलं का नाही?"

"दुखत न्हाय, मग दावू कशाला?"

हीच तर मेख! हा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. बाहेर बसलेल्या नवऱ्याला आत बोलावलं आणि जरा चिडूनच विचारलं, "तुमच्या म्हशीच्या सडाला गाठ आली तर काय करता?"

"त्याच दिवशी जनावरांचा डॉक्टर!" तो छाती पुढं काढून म्हणाला. "गेल्या म्हैन्यातच आणलावता की, मोटरसायकलवर बसवून!"

बोलला, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून त्याची मान खाली गेली. अक्काताई मात्र शांतपणे ब्लाऊजचे हुक लावत म्हणाल्या, "म्हस दूध देती की ओ!"

ऑपरेशन झालं. पण रोग हाडांपर्यंत पोचला होता. अक्काताई गेल्या.

* * *

मलकापूरला सुजाता नावाची शिक्षिका आली. "जयभीम मॅडम" म्हणत खुर्चीवर बसली. सोबत तिची मावशी. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "आई, मावशी, बहीण, कुणाला छातीचा कॅन्सर झाला होता?"

"नाही. आई पोटाच्या दुखण्यानं गेली."

मावशी पदराशी चाळा करत होती. म्हणाली, "पोटाचं न्हवतं, बाळ. छातीचंच हुतं. तुज्या थोरल्या मावशीचं बी."

सुजाता पांढरीफटक! "इतकी वर्षं मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमा दोगी बहिणींची लग्नं जमली असती व्हय?"

वाटलं, आता ही रडणार. पण ती ताडकन उठली. "धाकटीला फोन लावायचाय. एसटीडी बूथ कुठाय?"

दोघी बहिणी कोल्हापुरात येऊन मॅमोग्राफी करून गेल्या. सुजाताचं काही निघालं नाही. धाकटीच्या फोटोत, हाताला लागलाही नसता असा ठिपका दिसला! वेळेत सापडला म्हणून ती आज ठणठणीत आहे. मावशी मात्र अजून माझ्या नजरेला नजर देत नाही.

* * *

एकदा एक सासूबाई तावातावानं आल्या आणि रांगेतल्या सुनेचा दंड धरून ओढायला लागल्या. "माजी सून असलं उघडंवाघडं दावणार न्हाय! काय बघायचं त्ये माजं बघा. म्हातारीला काय हुतंय?"

"आजी, वय वाढतं तसा धोका वाढतो," मी म्हणाले. त्या हसल्या आणि खाटेवर आडव्या झाल्या.

माझा हात काखेजवळ थांबला. त्यांना ते कळलं. हलक्या आवाजात म्हणाल्या, "सुनेला सांगू नगा."

पडद्यापलीकडून आवाज आला, "ऐकलंय मी, आत्ती."

आणि सुनेनं आत येऊन सासूचाच दंड धरला. "चला आता, दवाखान्यात!"

* * *

शेवटचा किस्सा बाबूराव पैलवानांचा. साठीचे, दारात उभे राहिले की उजेड अडायचा. बायकोला तपासायला घेऊन आले. ती ठीक निघाली. तिला बाहेर चहा प्यायला पाठवून हे तिथंच घुटमळले.

"बाई, गडीमाणसाला हुतो का ह्यो रोग?"

शारदाला हसू फुटलं. "पैलवान, चेष्टा करताय व्हय?"

त्यांनी सदऱ्याची बटणं सोडली. बनियनवर डाव्या बाजूला रुपयाएवढा रक्ताचा डाग!

शारदाचं हसू विरलं. पुरुषांना क्वचित होतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. समोर पहिल्यांदाच बघत होते.

"घरात कुणाला दिसलं नाही हे?"

"बनियन मीच धुतो की. बायकांचा रोग मला झालाय म्हटल्यावर तालमीत तोंड कसं दावू?"

ऑपरेशन झालं. पैलवान वाचले.

पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो, तर दुपार झाली तरी जेमतेम दोन बाया. "पुरुषमाणसं पाठवत न्हाईत," एक पुटपुटली. ते पैलवानांच्या कानावर गेलं. ते उठले आणि थेट तालमीत शिरले. काय होतंय बघायला आम्ही मागोमाग दारापर्यंत गेलो.

आखाड्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी सदरा काढला. डाव्या बाजूला सपाट छाती आणि काखेपर्यंत गेलेला व्रण. घुमणारे शड्डू एकदम बंद!

"बघा, नीट बघा!" पैलवान गरजले. "आता ज्याला लाज वाटत आसंल, त्यानं माज्यासंगं कुस्ती धरावी. न्हायतर जावा घरला, आन् बायकांस्नी घिऊन या!"