मिसळलं की बसतं

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी केमिस्ट होतो, आणि तिथल्या टाकीवरच्या माणसाला मी चोर ठरू दिलं.

स्पिरिटमध्ये पाणी सोडलं की तो टाकीच्या पत्र्याला तळहात लावून उभा राहायचा. पत्रा कोमट झाला की म्हणायचा, "लागलं बगा येकमेकाला. आता बसंल खाली. मिसळली की दोगं कमीच भरत्यात, साहेब." मी हे पुस्तकातल्या एका ओळीत शिकलो होतो, तो वीस वर्षं हातानं शिकला होता. मी त्याला आबा म्हणायचो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण आधी त्यांची गंमत करतो, मग त्यांच्यावरच विसंबतो.

आबानं दारू कधी चाखली नव्हती. कुणी चिडवलं तर म्हणायचा, "दिसभर वास खातोय की, वरनं आनि काय पिऊ?"

कोरोनात कारखान्यानं सॅनिटायझर करायला घेतलं. घाईत मी स्पिरिट आणि पाण्याच्या लिटरची सरळ बेरीज मांडली. मिसळल्यावर बसतं, ते धरायचं विसरलो. दोन हजार लिटरच्या टाकीत चाळीसेक लिटर कमी भरलं. कुणी एक कॅन भरून नेला असावा, एवढंच. त्या दिवसांत दारूची दुकानं बंद होती. मॅनेजर थेट आबावर घसरले.

"काय रे, कुणाला पाजलीस?"

"साहेब, मिसळलं की बसतंच. ह्यास्नी इचारा, केमिस्ट हायती."

सगळे माझ्याकडे वळले. माझी चूक मला त्याच क्षणी कळली. नोकरी कंत्राटी होती. मी म्हणालो, "बसतं. पण एवढं नाही."

गेटवर त्याचा मास्क ओढून वॉचमनला तोंड हुंगायला लावलं. वॉचमन म्हणाला, "सोड की श्वास, आबा! नवरीवानी लाजतो काय?" लोक हसले. माझ्या तोंडावर मास्क होता, म्हणून कुणाला दिसलं नाही. मीही हसलो होतो.

वास आला नाही. "म्हणजे विकली," मॅनेजर म्हणाले. त्याला काढून टाकलं. गावात त्याचं नाव 'सॅनिटायझर' पडलं. लग्नाच्या पंगतीत वाढपी ओरडायचे, "सॅनिटायझरला पानी जपून वाढा रं, मिसळंल!" तो मान खाली घालून जेवायचा. पुढे पंगतीला येईनासा झाला.

दोनेक वर्षांनी एसटी स्टँडवर भेटला. शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "साहेब, येक इचारू? खरंच येवडं बसत न्हाई व्हय? का माजाच हात चुकत हुता इतकी वर्सं?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "होतं आबा. चुकतं माणसाचं."

त्यानं तळहात उलटसुलट करून पाहिला. "आसंल," म्हणाला. "तुमी शिकल्याली मानसं."

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. दहाव्याला मी गेलो होतो. त्याची बायको आल्यागेल्याला सांगत होती, "मानूस लई चांगला हुता वो, येकच डाव चुकला." मी तिथं चहा घेतला आणि उठलो.

तुमच्या नवऱ्यानं थेंबही नेला नव्हता, चूक माझी होती, एवढं मला त्या बाईंना सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.