शेवटची सोळा पाने

शाळेच्या ग्रंथालयात बावीस वर्षे काढली. पुस्तके झिजत गेली, किस्से साचत गेले. पुस्तके मी मोजून परत दिली. किस्से कोणी मागितले नाहीत. ते माझ्याकडेच राहिले.

*

लाखनीजवळच्या त्या शाळेत ग्रंथालय म्हणजे तीन लाकडी कपाटे आणि एक चटई. हात धुऊन, पुस्तकाला नमस्कार करूनच ते उघडायचे, असा माझा नियम होता. शिपाई दसारामजी म्हणायचे, "गुरुजी, पोराइचा नमस्कार होत नाही, तं घंटी होते."

मी नियम बदलला नाही. घंटी पाच मिनिटे उशिरा वाजू लागली.

*

जिल्हा विभागला, तेव्हा भिंतीवरचा नकाशा बदलणे आले. जुना उतरवताना सातवीतली प्रतिमा आडवी आली.

"फेकू नका जी, गुरुजी. याच्यात माह्या मामाचं गाव अजून आपल्यातच आहे."

"नकाशा खरा असावा लागतो."

"मामा तं खराच आहे," ती म्हणाली.

*

शनिवारी वाचनाचा तास असे. वाचलेले पुस्तक सर्वांसमोर सांगावे, मगच दुसरे मिळे. प्रतिमाने सांगितलेले पुस्तक मात्र पुढे कोणी नेत नसे. कारण विचारले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "नेलं होतं जी. प्रतिमा सांगते तेवढं त्याच्यात नाही."

प्रतिमा गोष्ट सांगू लागली, की दसारामजी झाडू धरून दारात थांबत. मी चष्मा पुसत बसे. तो स्वच्छच असे.

*

एकदा तिने भावाला शोधायला नावेतून निघालेल्या बहिणीची गोष्ट सांगितली. नाव पलीकडे लागली, भाऊ भेटला, मुली रडल्या. नंतर मी पुस्तक तपासले. नाव मधल्या धारेत असतानाच गोष्ट तुटत होती. शेवटची सोळा पाने वाळवीने खाल्ली होती.

मी तिला सर्वांसमोर उभे केले. "पुस्तकात नाही ते सांगणे म्हणजे खोटे बोलणे."

"मंग त्या पोरीनं नदीतच राहावं का जी?"

"राहू दे."

त्या दोन शब्दांची क्षमा मी देवाजवळ अजून मागतो.

*

त्यानंतर प्रतिमा ग्रंथालयात आली नाही. शनिवारचा तास चालूच होता. मुले पुस्तकातले जसेच्या तसे सांगत. चूक एकही नसे.

"आता सारं खरं खरं चालू आहे, गुरुजी," दसारामजी म्हणाले. "झोप येते."

पाऊल वाजले की मी दाराकडे पाहत असे.

*

धानाची रोवणी सुरू झाली. एका रविवारी तिला परत बोलवावे म्हणून मी शेतावर गेलो. बाया वाकून रोपे लावत होत्या आणि मध्ये प्रतिमा तीच गोष्ट सांगत होती. नाव मधल्या धारेत आली. ती थांबली.

"काहून थांबली व?"

"पुढची पानं नाहीत. गुरुजी म्हणते, पुढचं खोटं आहे."

"तुह्या गुरुजीले दिवसभर रोवणीले लाव," एक म्हातारी म्हणाली. "मंग समजन."

तेवढ्यात त्यांनी मला बांधावर पाहिले. मी चपला काढल्या.

"नाव पलीकडे लागली," मी म्हणालो. "भाऊ काठावर उभा होता."

प्रतिमाने चिखलातला हात न काढताच मान वर केली.

"उभा नव्हता जी, गुरुजी. बसला होता. वाट पाहून पाहून पाय दुखले होते त्याचे."