सासऱ्यांच्या ट्रेलरच्या दोन टोप्या

दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि नापास करायच्या, हा माझा पोटापाण्याचा धंदा. सांगलीहून म्हैसूरला आलो तो या नोकरीसाठीच, आणि पुढे इथल्याच एका जुन्या मराठी घराचा जावई झालो. सासरे शाळेतून निवृत्त झाल्यावर बन्नूरला जाऊन राहिले. तिथे त्यांचा थोडा ऊस आहे, एक ट्रॅक्टर आहे आणि दोन चाकांचा एक ट्रेलर आहे. मीही उसाच्या मुलखातला, पण आमच्या घरात ऊस यायचा तो रसाच्या ग्लासातून.

सासरी माझा मान मोठा. इतका मोठा, की एकोणीस वर्षांत माझी एकही चूक कोणी दाखवलेली नाही. एकदा बांधावर उभा राहून मी नाचणीच्या रोपांना भात म्हणालो, तर सासरे म्हणाले, "हो हो, यंदा बरा आलाय." बायकोने घरी आल्यावर सांगितलं तेव्हा कळलं.

तर त्या ट्रेलरचं चाक. चाकाच्या मधोमध, बेअरिंगच्या तोंडावर, वाटीएवढी पत्र्याची टोपी बसते. आतलं ग्रीस बाहेर येऊ नये आणि बाहेरची धूळ आत जाऊ नये, एवढंच तिचं काम. गेल्या हंगामात एक टोपी वाटेत कुठेतरी पडली आणि सासऱ्यांनी तिथे प्लास्टिकची पिशवी रबराने बांधून वेळ मारून नेली. दुसरी होती, पण स्क्रूड्रायव्हरने उचकटून उचकटून तिची पार रया गेलेली. यंदा ऊसतोडीच्या आठवडाभर आधी मी ती पिशवी पाहिली आणि म्हणालो, "मामा, हे माझ्याकडे लागलं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

स्कूटरच्या डिकीतून मी व्हर्नियर काढला. ती चेपलेली टोपी तीन बाजूंनी मोजली, तीन वेगळे आकडे आले. कारखान्यात असा तुकडा माझ्यासमोर आला असता तर मी आणणाऱ्याला हाकलून दिलं असतं. इथे मी तिन्हींची सरासरी काढली आणि दोन दशांश स्थळांपर्यंत मोबाइलमध्ये लिहून ठेवली. टोपी जिथे बसायची ते हबचं तोंड समोर उघडं होतं. ते मोजायचं मला सुचलंच नाही.

म्हैसूरच्या दुकानदाराने आकडा पाहिला आणि म्हणाला, "सर, हळेदु तगोंड बन्नि." जुनी घेऊन या. मी त्याला व्हर्नियर म्हणजे काय ते समजावलं. त्याने दोन मापं काढून ठेवली, एक माझ्या आकड्याच्या किंचित वर, एक नेमकं आकड्यावर. मी अर्थातच आकड्यावरची जोडी घेतली.

बन्नूरला ती जोडी अंगठ्याच्या नुसत्या दाबाने आत गेली. मला वाटलं, काय सफाईदार बसली! ही टोपी ठोकूनच बसायला हवी, हाताने जाते ती हाताने निघतेही, हे कळायला काही इंजिनियर व्हावं लागत नाही. मी झालो होतो, म्हणून कळलं नाही. वर माझी भर अशी, की दोन्ही टोप्या मी ग्रीसने काठोकाठ भरल्या. कमी नको पडायला. सासरे शेजारी उभे राहून बघत होते. त्यांचे ओठ एकदा हलले. मग म्हणाले, "छान, छान. चहा घेऊया."

तोडणी झाली. साखर कारखान्यात सासऱ्यांची ऊस घालायची पाळी गुरुवारी दुपारची होती. ती चुकली तर पुन्हा कधी लागेल याचा नेम नाही, आणि तोडलेला ऊस उन्हात वाळत पडणार, म्हणजे वर्षाची मेहनत वजनातून उडून जाणार. त्या गुरुवारी सकाळी त्यांचा फोन आला. "बिझी नाही ना? स्वल्प एक टोपी पडलीय. सावकाश या."

मी सावकाश गेलो नाही. आधी दुकानात गेलो, न बोलता ती वरच्या मापाची जोडी घेतली, आणि बन्नूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ट्रेलर दिसला. चाकावर ग्रीसच्या रेघोट्या उडालेल्या होत्या. गरम झालेल्या ग्रीसने टोपी आतूनच ढकलून दिली होती. हब तापला होता, पण हात ठेवता येत होता. सासरे झाडाखाली बसले होते, त्यांचे गुडघे दुखत होते, आणि ते माझ्याकडे पाहून हसायला बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, टोपी ढिली होती," मी म्हणालो.

"हो. मला त्या दिवशीच दिसलं. ग्रीसही जास्त होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"जावयाला कसं बोलायचं? सुम्ने, उगाच तुम्हाला वाईट वाटेल."

मला राग आला. त्यांचा नाही, त्या मानाचा. आपल्या उसापेक्षा माझं मन जपत हा माणूस भरला ट्रेलर घेऊन रस्त्यावर उतरला होता. मी म्हणालो, "वाईट वाटू दे. आता बोला."

त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले. मग उठले आणि बोलले. "अक्कल आहे का तुम्हाला? चेपलेली टोपी कोण मोजतं? अय्यो, ग्रीस काय श्रीखंड आहे, पाहुण्याला वाढल्यासारखं भरायला?" चिंधीने आतली धूळ मी पुसत होतो तोवर ते बोलत होते. ताजं ग्रीस लावताना बोलत होते. नवी टोपी मी हातोडीने मधोमध ठोकायला गेलो तर हातोडी काढूनच घेतली. लाकडाचा ठोकळा कडेवर ठेवून थोडं थोडं सगळीकडून ठोकायचं, असं एकदा दाखवलं आणि हातोडी परत दिली. एकोणीस वर्षांचं साठलेलं होतं, त्यात ती नाचणीही आली. मी खाली मान घालून ऐकत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

दोन्ही टोप्या घट्ट बसल्या. पाळीला अजून तासभर होता. मी स्कूटरकडे वळलो, तर ते ट्रॅक्टरवर चढता चढता ओरडले, "तिकडे कुठे? इथे शेजारी बसा. टोप्या तुम्ही बसवल्यात. वाटेत पडल्या तर शिव्या द्यायला माणूस नको?"